इस्ट्रोजेन: गोळी घ्यावी की पॅच लावावा?

पाळी थांबतानाच्या त्रासावर मैत्रिणीला डॉक्टरांनी इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) सुचवलं, गोळी आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी) असे दोन्ही पर्याय सांगितले आणि ती निवडीत अडकली.

अंगातून वाफा येणं, रात्रीचा घाम यांवर दोन्ही सारखेच गुणकारी, त्यामुळे तिथे घासाघीस नको.

खरा फरक रक्ताच्या गुठळ्यांचा. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. पॅचमधलं औषध त्वचेतून थेट रक्तात उतरतं. नेहमीच्या मात्रेत त्याने हा धोका वाढल्याचं दिसत नाही. गोळीने ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढू शकतात.

सोय? गोळी रोजची. पॅच प्रकारानुसार आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलायचा. घामाने सुटतो, काहींना खाजही येते. पॅच बहुधा महाग.

गर्भाशय असेल तर दोन्हींसोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं दुसरं हार्मोन, लागतंच. ‘फक्त तुमच्यासाठी बनवलेलं नैसर्गिक हार्मोन’ ही जाहिरात मी बाजूलाच ठेवते.

वजन जास्त, अर्धशिशी किंवा ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर पॅच. त्वचा नाजूक, बाकी तब्येत ठणठणीत आणि वय ६०च्या आत असेल तर गोळी चालेल. तक्रार फक्त योनीच्या कोरडेपणाची असेल तर दोन्ही नकोत, तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हा प्रश्न आधी कर्करोगतज्ज्ञांकडे न्यावा.