लेबल खरं वाटलं, कारण अक्षर ओळखीचं होतं

ते लेबल मी अजून टाकलेलं नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकची बोटभर पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव: आधी जातीचं, मग एकेरी अवतरणात क्लोनचं, म्हणजे त्या जातीतल्या एका ठरावीक झाडाचं, शेवटी पारितोषिकाची अक्षरं. अक्षर इतकं सुबक की छापल्यासारखं वाटावं. आमच्या ऑर्किड क्लबात हे अक्षर कोणाचं हे लहान पोरही सांगेल. पट्टीखालच्या कुंडीत वाढत होतं ते झाड मात्र त्या नावाचं नव्हतं. हे कळायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली.

मी नवखी असते तर एवढं वाटलं नसतं. निळंशार फॅलेनॉप्सिस ऑर्किड हौसेने घेऊन येणाऱ्या नव्या सभासदांना बाजूला घेऊन समजावणाऱ्यांत मी असायचे. अहो, दांड्यात रंग टोचलाय, पुढच्या खेपेला पांढरंच येणार. मोहरीएवढ्या दाण्यांचं पाकीट ‘आमरीचं बी’ म्हणून कुणी दाखवलं की आम्ही गालात हसायचो. आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, बी धुळीसारखं असतं. त्यात अन्नाचा साठा नसतो, त्यामुळे रानात ते ठरावीक बुरशीच्या आधाराशिवाय रुजत नाही. बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ते रुजवता येतं हे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं, आणि तेव्हापासून रोपं काचेच्या फ्लास्कमध्ये तयार होऊ लागली. हे सगळं मला पाठ होतं. म्हणून आपल्याला कोण फसवणार, अशी माझी समजूत. फसवणारा बाजारात बसलेला असतो, तो दर महिन्याला आपल्याच शेजारच्या खुर्चीवर बसत नाही, असंही मी धरून चालले होते.

त्यांना सगळे ‘काका’ म्हणायचे. मीही तेच म्हणते, नाव देत नाही. माणूस कसलेला होता, हे आधी सांगायला हवं. त्यांची झाडं खरंच देखणी असायची. मुळांची टोकं हिरवीगार, पानावर एक डाग नाही. बैठकीच्या टेबलावर त्यांची कुंडी आली की बाकीच्या आपोआप बाजूला सरकायच्या. फसवणारा झाडांच्या बाबतीत अडाणी असेल अशी कल्पना असेल, तर ती काढून टाका. त्यांनी आम्हाला जे विकलं त्यात त्यांचं ज्ञानच जास्त होतं.

एका बैठकीला त्यांनी कॅटलिया वॉकरियानाचं फुललेलं झाड आणलं. मूळची ब्राझीलची, ठेंगणी, आखूड जाड बल्बांची, म्हणजे फुगीर खोडांची, ही जात. फूल झाडाच्या मानाने केवढं तरी, वर सुगंधी. आणि क्लोन पारितोषिक मिळालेला. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. असं पारितोषिक त्या एका झाडाचं असतं. त्याचे तुकडे केले किंवा ऊतीसंवर्धनाने मेरिक्लोन, म्हणजे त्याच झाडाच्या हुबेहूब प्रती, केले, तर नाव आणि मान पुढे जातो. त्याच झाडाच्या बियांपासून आलेल्या भावंडांना तो मिळत नाही. म्हणून अशा झाडाच्या ‘डिव्हिजन’ला, म्हणजे तीन-चार बल्बांच्या तुकड्याला, लोक वाट्टेल ते मोजतात.

बैठक संपल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. “ताई, याची एकच डिव्हिजन निघेल. तुमच्याकडे ती जगेल याची मला खात्री आहे. फक्त कुणाला बोलू नका. बाकीचे रुसतील.”

या वाक्यावर मी नंतर फार विचार केला. खुशामत त्यात होतीच. पण खरी करामत शेवटच्या तुकड्यात होती. बोलू नका! ज्याला सांगितलं तो खूश होऊन तोंड मिटून बसतो, आणि तेच वाक्य आणखी कुणाला सांगितलं गेलंय हे कधीच कळत नाही. मी पैसे रोख दिले. पावतीचा विषय काढला तर ते हसले, म्हणाले, “आपल्यात पावती?” मलाच ओशाळं झालं. किती दिले ते सांगत नाही. घरी निम्मा आकडा सांगितला होता.

पंधरा दिवसांनी डिव्हिजन मिळाली. ओलसर मॉसमध्ये गुंडाळलेली, तीन बल्ब, एक नवा डोळा, सोबत ते लेबल. ती माझ्यासमोर कापलेली नव्हती. टेबलावर पाहिलेलं झाड आणि हातात आलेला तुकडा यांच्यामध्ये पुरावा म्हणून होतं ते फक्त त्यांचं अक्षर. फूल नसलेल्या कॅटलियाचे तीन बल्ब हातात घेतले तर सराईत माणसालाही नेमकं नाव सांगणं कठीण जातं. आपण झाड विकत घेतो असं आपल्याला वाटतं. खरं तर लेबल विकत घेतो आणि त्यासोबत झाड येतं.

पुढची दोन वर्षं मी ते पोसलं. नवे बल्ब आले, पहिल्यापेक्षा उंच आणि सडपातळ. मला वाटलं, माझ्याकडे ऊन कमी पडतंय. काकांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, “ऊन वाढवा, आणि पाणी जरा जपून, तुमचा हात सैल आहे.” मी कुंडी हलवली. पाणी कमी केलं. तिसऱ्या वर्षी बल्बाच्या टोकाला, पानाच्या बेचक्यात, हिरवी शीथ, म्हणजे कळीवरचं आवरण, दिसली आणि मी अक्षरशः नाचले.

तीच शीथ पुरावा होती. वॉकरियानाची कळी सहसा बल्बाच्या टोकातून येतच नाही. बुडाशी एक वेगळा, आखूड, बिनपानांचा फुटवा निघतो आणि फूल त्यावर येतं. हे मी वाचलेलं होतं, चित्रांत पाहिलेलं होतं, एकदा क्लबात नव्या सभासदांना सांगितलंसुद्धा होतं. पण ज्याची इतकी वाट पाहिली ते समोर दिसल्यावर ते कुठून निघालंय, हे पाहण्याचं भान राहिलं नाही.

फूल उमललं ते नेहमीच्या फिक्या जांभळ्या संकराचं. ओठ, म्हणजे आमरीची ती वेगळ्या घडणीची पाकळी, झालरीचा आणि मधल्या स्तंभाभोवती गुंडाळलेला. वॉकरियानाच्या ओठाच्या बाजूच्या पाळ्या लहान असतात, स्तंभ उघडा आणि रुंद दिसतो. इथे तो दिसतच नव्हता. मी फोटो पाठवला. काकांचं उत्तर लगेच आलं: पहिला बहर खरा नसतो, तापमानाने रंग बदलतो, पुढच्या वर्षी बघा.

यातली एक गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच ते पचतं. ऊन आणि गारवा कमी-जास्त झाला की रंगाची छटा बदलते, आणि पहिलं फूल बऱ्याचदा लहान येतं. पण ओठाची घडण बदलत नाही. फूल कुठून निघतं हेही हवेवर अवलंबून नसतं. पुढच्या वर्षी बघा, हे या छंदात कुणीही कुणालाही सांगतं, त्यात वावगं काही वाटत नाही. त्याच जोरावर विकणाऱ्याला आणखी एक वर्ष मिळतं.

मला ते वर्ष थांबावं लागलं नाही. आठवडाभरात पाकळ्यांवर तपकिरी रेघा उमटल्या. आधी मी बुरशी समजले. मग एका जुन्या सभासद मावशींनी फुलाकडे पाहिलं, काही न बोलता घरी गेल्या आणि विषाणू तपासायची पट्टी घेऊन आल्या. पानाचा तुकडा द्रावणात चुरडला, पट्टी बुडवली. दोन रेघा. सिम्बिडियम मोझॅक. आमरीच्या या विषाणूवर औषध नाही. तो रसातून पसरतो, म्हणजे कात्रीवरून. आणि तीन वर्षं मी एकच कात्री सगळ्या कुंड्यांना फिरवत होते, स्पिरिटने पुसून, मोठ्या समाधानाने. नुसतं स्पिरिट पुसून हा विषाणू हमखास मरत नाही. आता मी पातं ज्योतीवर तापवते किंवा प्रत्येक झाडाला नवं ब्लेड वापरते. तेव्हा मात्र अकरा झाडं बाधित निघाली. त्यातली दोन मी फ्लास्कमधून काढलेल्या इवल्या रोपांपासून वाढवली होती, एक तर मला माझ्या पहिल्या बैठकीला मिळालेली. ती सगळी पिशवीत भरून बांधली. पैशांचं मी विसरेन, त्या पिशवीचं विसरणार नाही.

मावशींनीच पुढचा प्रश्न विचारला, “कुणाकडून घेतलंस?” मी नाव सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. त्यांच्याकडेही त्याच क्लोनची ‘एकुलती एक’ डिव्हिजन होती. त्यांची मेली होती, आणि पाणी जास्त झालं असणार असं धरून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघींनी हळूहळू विचारायला सुरुवात केली. मग जे बाहेर आलं त्याने मी हबकले. चौघांकडे तेच लेबल. त्यांतल्या तिघांच्या झाडांना फूल येऊन गेलेलं, आणि तिन्ही फोटो शेजारी ठेवले तर तीन वेगळी फुलं. क्लोन म्हणजे एकाच झाडाचे तुकडे; सारखं वाढवल्यावर त्यांची फुलं ओळखू न येण्याइतकी वेगळी असूच शकत नाहीत. यासाठी कुठली प्रयोगशाळा लागली नाही. तीन माणसं एकमेकांशी बोलली असती तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. पण प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं. या छंदात आपण सगळे मेलेल्या झाडांचे गुन्हेगार असतो. पाणी जास्त झालं, ऊन कमी पडलं, कुंडी बदलायला उशीर केला. झाड गेलं की काका पहिला प्रश्न हाच विचारायचे, “पाणी किती घालता?” त्यावर कोणाला तोंड वर करायची हिंमत होणार? ते आमच्या अपराधी भावनेवर जगत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस आम्हीच पुरवत होतो.

मग सामाईक ऑर्डरचा विषय निघाला. परदेशातल्या रोपवाटिकेतून पॅफिओपेडिलमचे, म्हणजे चपलेसारख्या ओठाच्या आमरीचे, पारितोषिकप्राप्त मेरिक्लोन आणायचे म्हणून त्यांनी चौदा जणांकडून आगाऊ पैसे घेतले होते. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, सिम्बिडियम यांचे मेरिक्लोन बाजारात सर्रास मिळतात. पॅफिओपेडिलमचं तसं सहसा जमत नाही. ती बियांपासून किंवा तुकडे करून वाढवतात. ‘पॅफचा मेरिक्लोन’ हे शब्द ऐकल्याबरोबर आमच्यातल्या एखाद्याने हात वर करायला हवा होता. कुणी केला नाही. मीही नाही, आणि यादीत माझं नाव पाचवं होतं.

वर्षभर कारणं चालली. परवाना अडकला, हंगाम चुकला, रोपवाटिकेने माल बदलला. अखेर सहा जणांना रोपं मिळाली. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. पानं फाटलेली, जुनी, त्यांवर दगडफुलासारखे चट्टे. मुळं मध्येच तुटलेली, जणू कशावरून ओरबाडून काढलीत. रोपवाटिकेत एका वयाची वाढवलेली रोपं अशी दिसत नाहीत, रानातून उपटलेली दिसतात. पॅफिओपेडिलमच्या साऱ्या जाती साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. रानातल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. कागद मागितले तर ते ‘एकत्रित पेटीत’ होते आणि ती पेटी कधी कुणी पाहिली नाही. इथे नुकसान पैशापुरतं राहत नाही. २००२ मध्ये पेरूतून परवान्याविना अमेरिकेत नेलेल्या फ्रॅग्मिपेडियम कोव्हाची या आमरीपायी नेणाऱ्यावर आणि तिला शास्त्रीय नाव देणाऱ्या वनस्पती उद्यानावरही खटला झाला होता. रोप ज्याच्या घरात सापडतं, उत्तर त्याला द्यावं लागतं.

आम्ही चौघांनी बैठकीत विषय काढला. फोटो टेबलावर मांडले, शेजारी लेबलं. सगळी एकाच हाताची. काका शांत होते. म्हणाले, लेबलं अदलाबदल झाली असतील, वय झालंय. मग म्हणाले, इतकी वर्षं मी या क्लबासाठी केलं, त्याचं हे फळ. अर्धी बैठक त्यांच्या बाजूने हळहळली. एक सभासद मला म्हणाले, “ताई, झाडावरून एवढं?” मला त्यांना पिशवी दाखवावीशी वाटली.

शेवटी तिघांचे पैसे परत आले, अकरा जणांचे नाहीत. क्लबाने एवढं केलं की आता बैठकीत विकली जाणारी डिव्हिजन सगळ्यांसमोर, मातृवृक्षाला फूल असताना कापायची, विकणाऱ्याने त्या वर्षीची विषाणूची चाचणी दाखवायची, आणि सामाईक ऑर्डरचे पैसे एकाच्या खिशात न जाता क्लबाच्या खात्यात जायचे. काका आता येत नाहीत. पण गेल्या महिन्यात दुसऱ्या एका क्लबातल्या बाईंनी मला पानाचा फोटो पाठवून विचारलं की हे जास्त पाण्याने झालंय का. फोटोच्या कोपऱ्यात लेबल होतं. मी त्यांना पाण्याचं काही सांगितलं नाही, लेबलाचा जवळून फोटो पाठवायला सांगितला.

माझी उरलेली झाडं अजून वेगळी ठेवलेली आहेत. विषाणू झाडात असला तरी पहिल्या चाचणीत कधी कधी सापडत नाही, म्हणून सगळ्यांची पुन्हा करायची आहे. पट्ट्या मागवल्यात.