माझ्याच कॉम्प्युटरवर मी अडीच वर्षं भाडेकरू होतो

20 जून 2024, गुरुवार, रात्रीचे नऊ. एका सायझिंग कंपनीचं (सुताला खळ लावणारी) जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं राहिलं होतं आणि त्याची शेवटची तारीख म्हणजे 20. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे डीएससी, डिजिटल सही, लागते. डायरेक्टरसाहेब ती सही असलेलं पेनड्राइव्हसारखं टोकन खिशात घालून माझ्या समोरच बसलेले. टोकन लावलं, सहीसाठीचं एमसाइनर चालू केलं आणि स्क्रीनवर नेहमीची चौकट आली : पुढे जायचं तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका.

नेहमीसारखा मी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ. बारा वाजेपर्यंत पस्तीसेक वेळा तरी लावला असेल. चौकट तशीच, टोकनचा लाल दिवा तसाच, आणि डायरेक्टरसाहेबांचा चहा तिसऱ्यांदा गार झालेला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटर तुमचाच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एका व्यवसायबंधूच्या ऑफिसात जाऊन रिटर्न भरलं. एका दिवसाची लेट फी 50 रुपये, आणि कर चार लाखांच्या आसपास होता त्यावर 18 टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज, तेही 200 च्या आत. पैसे मीच भरले. रक्कम काहीच नव्हती. पण तो प्रश्न घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. यंत्रमागवाले, सायझिंगवाले, दोन-चार किराणा दुकानदार अशी माझी मंडळी. नोव्हेंबर 2021 मध्ये जुना कॉम्प्युटर बसला म्हणून गावातल्याच एकाकडून नवा असेंबल करून घेतला. 38,500 रुपये, त्यावर "विंडोज ओरिजिनल टाकून देतो सर" म्हणून आणखी 4,000. बिल कच्चं. रोज लोकांना पक्क्या बिलाचं महत्त्व सांगणारा माणूस स्वतः 18 टक्के वाचवायला गेला, हे इथे लिहिताना कान गरम होतात, पण लिहितो.

मशीन आणून जोडताना त्याने मला एक गोष्ट समजावून सांगितली. "सर, मी दोन खाती केलीत. एक तुमचं, एक सपोर्टचं. तुमच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार दिले नाहीत. म्हणजे चुकून व्हायरस आला तरी सिस्टीममध्ये शिरणार नाही. काही टाकायचं असलं की मला फोन करा, मी पासवर्ड टाकून देतो."

गंमत अशी की यात एक अक्षरही खोटं नव्हतं. रोजच्या कामाला साधं खातं वापरावं आणि ॲडमिनचं खातं बाजूला ठेवावं, हा सल्ला अगदी रास्त आहे. साध्या खात्यातून एखादा भलता प्रोग्राम चालू झाला तरी त्याचे हातपाय त्या खात्यापुरतेच राहतात. सगळ्या मशीनमध्ये काही बदलायचं तर विंडोज मध्येच थांबवून पासवर्ड मागतं. हे थांबवणं 2007 साली विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीबरोबर आलं. त्याआधी एक्सपीवर आम्ही सगळेच ॲडमिन असायचो, कळत नसतानाही. त्यामुळे मला ही भानगडच ठाऊक नव्हती. मला वाटलं, पोरगा काळजीनं काम करतोय. फसवणूक सल्ल्यात नव्हतीच. ती होती चावी कुणाच्या खिशात राहिली यात.

मग सुरू झालं ते असं. एमसाइनर ॲडमिन म्हणूनच चालवावं लागतं, म्हणजे बऱ्याच महिन्यांत 20 तारखेच्या आत एक फोन. तो दूरून माझ्या मशीनमध्ये शिरायचा, पासवर्ड टाकायचा, आणि मी 200 रुपये पाठवायचो. प्रिंटर बदलला, फोन. डीएससी टोकनचा ड्रायव्हर, फोन. मराठी अर्जासाठी फॉन्ट टाकला तर माझ्या जुन्या प्रोग्रामला तो दिसेना, कारण तो सर्व वापरकर्त्यांसाठी टाकावा लागतो आणि त्याला पुन्हा पासवर्ड. फोन.

घड्याळाचा किस्सा तर सांगायलाच हवा. आमच्याकडे रात्री मेन स्विच बंद करायची घरची पद्धत आहे. 2023 च्या पावसाळ्यापासून सकाळी मशीन लावलं की तारीख मागे गेलेली दिसायची, कधी कधी चक्क काही वर्षं मागे. तारीख चुकीची असली की जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, बँकेचं उघडत नाही, सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना. फरक इतका मोठा असला की विंडोज नेटवरून ती आपोआप दुरुस्तही करत नाही. आणि साध्या खात्याला घड्याळ बदलायची परवानगी नसते. चक्क घड्याळ! तो यायचा, पासवर्ड टाकून तारीख नीट करायचा, व्हिजिटचे 350 घ्यायचा. असा तो पाच वेळा आला. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, 2032 नंबरचा. तो संपला होता. बाजारात पन्नासेक रुपयांना मिळतो आणि बसवायला दोन मिनिटं लागतात. पाच व्हिजिटमध्ये त्याला हे सुचलं नाही, यावर माझा विश्वास नाही.

त्या गुरुवारनंतर शनिवारी तो उगवला. गावाला गेलो होतो म्हणाला. मी म्हटलं, "हे बघ, तो पासवर्ड मला लिहून दे."

"सर, पासवर्ड आम्ही कस्टमरला देत नाही. तुम्ही काहीतरी उडवलंत तर जबाबदारी कुणाची?"

"मशीन माझं आहे रे."

"मशीन तुमचंच आहे सर. असं करा, 3,600 ची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी पैसे नकोत. नाहीतर 2,500 द्या, सगळं मोकळं करून देतो."

घर विकून झाल्यावर कुलपाच्या किल्लीचे वेगळे पैसे मागायचे, अशातलाच हा प्रकार. मी काही न बोलता चहा दिला आणि वाटेला लावलं. बायको आतून म्हणाली, "अहो, त्याला चहा कशाला?"

रविवारी कोल्हापूरहून भाची आली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिने माझ्या खुर्चीत बसून काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली आणि ॲडमिनिस्ट्रेटर गटात कोण कोण आहे त्याची यादी आणली. यादीत दोन नावं. एक विंडोजचं स्वतःचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं, जे एरवी बंदच असतं. दुसरं 'सपोर्ट'. माझं नाव नव्हतं.

"मामा, लॉगिनच्या वेळी खाली डाव्या कोपऱ्यात हे नाव दिसत नव्हतं का तुम्हाला?"

दिसत होतं. अडीच वर्षं रोज सकाळी दिसत होतं. मला वाटायचं, ते विंडोजचंच काहीतरी असेल.

काळी खिडकी उघडायची गरजही नाही, हे तिने नंतर दाखवलं. सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, तिथे युवर इन्फो आहे. आपल्या नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलेलं असेल तर ते खातं मालकाचं. नसेल तर तुम्ही माझ्यासारखे. आणि लॉगिनच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात वापरकर्त्यांची यादी असते. तिथे अनोळखी नाव असेल तर ते कुणाचं हे विचारायला लाजू नका.

मग तिने विंडोज ओरिजिनल आहे का ते पाहिलं. त्यासाठीही एक छोटी आज्ञा आहे. खरं विकत घेतलेलं असेल तर कायमचं सक्रिय असल्याचं उत्तर येतं. माझ्याकडे एक तारीख आली, त्या तारखेला सक्रियता संपणार म्हणून. मोठ्या संस्थांसाठी विंडोज सक्रिय करायची एक पद्धत आहे, तिची मुदत 180 दिवसांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. चोरटी विंडोज टाकणारे तिचीच नक्कल करतात. 4,000 रुपये मी याचे दिले होते. शिवाय असले क्रॅक, म्हणजे परवाना चुकवणारे प्रोग्राम, अँटिव्हायरसला पटत नाहीत, म्हणून ते टाकताना त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधतात. माझ्या मशीनवर अँटिव्हायरसला काय काय तपासू नको म्हणून सांगितलंय ते बघायलाही ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून तेव्हा ते पाहता आलं नाही. व्हायरसपासून वाचवायला केलेल्या खात्याची ही तऱ्हा.

पण माझ्या पोटात खड्डा पडला तो पुढच्या गोष्टीने. दूरून मशीन चालवायचं ते ॲप नुसतं उघडून बंद करायचं नव्हतं, ते कायमचं बसवलेलं होतं, विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारं, आणि आत यायला त्याचा स्वतःचा ठरलेला पासवर्ड. मी 'हो' म्हणायची गरजच नव्हती. मला इतकी वर्षं प्रश्न कसा पडला नाही? स्क्रीन मंद होऊन ती पासवर्डची चौकट येते ना, ती साध्या पद्धतीने जोडलेल्या दूरच्या माणसाला दिसतही नाही, तिथे त्याला टाइपही करता येत नाही. विंडोजने ती मुद्दामच वेगळ्या पडद्यावर ठेवली आहे. म्हणूनच फोनवरून फसवणारे तुम्हाला "येस दाबा" म्हणून विनवत असतात. आमचा गडी मात्र तिथे सरळ टाइप करायचा. म्हणजे त्याचा प्रोग्राम आधीपासून पूर्ण अधिकारानेच बसलेला होता.

त्या ॲपने आत येण्याच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवल्या होत्या. मी गुगल पेचा इतिहास काढून तारखा जुळवत बसलो. सहा नोंदी अशा निघाल्या की त्या दिवशी मी त्याला फोनही केला नव्हता, पैसेही दिले नव्हते. त्यातल्या तीन रविवारच्या. माझ्या मशीनवर शंभरावर लोकांचे पॅन, आधार, बँक पासबुकं. ॲडमिन खात्याला दुसऱ्या कुणाच्याही फोल्डरमध्ये डोकावता येतं, माझ्या खात्याला मी कितीही मोठा पासवर्ड लावला तरी.

पैशांचा हिशेबही त्याच रात्री केला. 200 रुपयांच्या 19 नोंदी, 350 च्या 9. झाले 6,950. विंडोजचे 4,000 धरून 10,950.

पासवर्ड तोडत बसायचं नाही, असं भाचीने ठरवलं. माझ्या फायली माझ्याच खात्यात होत्या, त्या बाहेरच्या डिस्कवर काढल्या. तिच्या लॅपटॉपवरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज उतरवून घेतलं, मशीन पूर्ण पुसलं आणि नव्याने टाकलं, या वेळी पक्क्या बिलाच्या परवान्यासह. नव्या विंडोजमध्ये जे पहिलं खातं तयार होतं ते ॲडमिनचं असतं. हा क्षण कुणाच्या हाती होता यावर माझी अडीच वर्षं ठरली होती. या वेळी ते खातं मी माझ्या बोटांनी केलं. नंतर रोजच्या कामासाठी दुसरं साधं खातं केलं. हो, साधंच! सल्ला बरोबरच होता म्हटलं ना. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवलाय, बायकोच्या बांगड्यांशेजारी.

दुसऱ्याच दिवशी जीएसटीचे, आयकराचे, बँकेचे, ईमेलचे सगळे पासवर्ड बदलले, आणि तेही मशीन पुसून झाल्यावर, आधी बदलून उपयोग नव्हता. टोकन बाहेर होतं तरी त्याचा पिनही बदलून घेतला. मग ग्राहकांना एकेक करून फोन केले. हे सगळ्यात जड गेलं. बहुतेकांनी "असू दे हो" म्हटलं, एका किराणावाल्याने फाइल परत मागितली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तक्रारीचं विचाराल तर लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्या वकील मित्राने पहिला प्रश्न विचारला, "ती नोंदींची फाइल कुठाय?" मशीन पुसताना ती गेली होती. माझ्याकडे उरला होता तो माझ्याच अक्षरातला तारखांचा कागद. तुमच्यावर अशी वेळ आली तर पुसायच्या आधी त्या फायलीची प्रत काढा, यादीचे फोटो काढा, आणि मगच पेनड्राइव्ह लावा. पैसे खात्यातून गेले असतील तर 1930 ला लगेच फोन. खरेदीच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण तिथेही पहिल्यांदा बिलच विचारतात.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "सर, बरेच दिवस फोन नाही. मशीन चालतंय ना? लागतच नाहीये तुमचं."

लागत नसणारच. मी म्हटलं, घड्याळाचा सेल बदललाय. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि "बरं बरं" म्हणून त्याने फोन ठेवला.

गेल्या महिन्यात स्कॅनर बसवायला नवीन मुलगा आला होता. चौकट आली तशी तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "काका, तुम्ही टाका, मी तिकडे बघतो." मी पाकीट काढून आणलं. घाईत एक अक्षर चुकलं, दुसऱ्यांदा टाकलं. तो खिडकीतून बाहेर बघत उभा होता.