गृहकर्ज सल्लागाराची फी : पुण्यातील एका सेवेचे परीक्षण

सिंहगड रस्त्यावरील एका जुन्या सोसायटीतील रीसेलचा फ्लॅट घेताना आम्ही पती-पत्नींनी ६० लाखांच्या कर्जासाठी पुण्यातील एका गृहकर्ज सल्लागार कार्यालयाची मदत घेतली. कागदपत्रांच्या कामात हे कार्यालय चोख आहे. फीच्या बाबतीत मात्र विचारल्याशिवाय पुरेसे सांगत नाही. तक्रारीचा भाग असल्यामुळे कार्यालयाचे नाव येथे देत नाही.

आधी चांगल्या कामाविषयी. फ्लॅट आमच्याआधी दोनदा विकला गेला होता आणि पहिल्या कराराची नोंदणीची पावती विक्रेत्याकडे नव्हती. बँकेत फाइल लॉगिन करण्यापूर्वीच तेथील एका कर्मचाऱ्याने सर्व करार, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी सारांश-उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट समोर मांडून ही उणीव दाखवली, आणि विक्रेत्याला दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या कराराची प्रमाणित प्रत काढायला लावली. हीच गोष्ट बँकेच्या वकिलाच्या तपासणीत निघाली असती, तर विसार देऊन बसलेल्या आमच्यासारख्यांची मोठीच अडचण झाली असती. शिवाय एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकून सिबिलवर विनाकारण चौकशा नोंदवून घेण्यापेक्षा आधी पात्रता तपासून दोनच ठिकाणी अर्ज करावेत, हा त्यांचा आग्रहही योग्य होता.

आता फी. त्यांनी कर्जरकमेच्या अर्धा टक्का फी सांगितली, म्हणजे ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये. रक्कम स्पष्ट होती. जे सांगितले गेले नाही ते असे की आम्ही शेवटी ज्या सरकारी बँकेकडून कर्ज घेतले, तिचे हेच कार्यालय डीएसए (बँकेला कर्जाचे ग्राहक आणून देणारा एजंट) असून कर्ज वितरित झाल्यावर बँकही त्यांना पेआउट, म्हणजे कमिशन, देते. आपल्याकडे बहुतेक डीएसए ग्राहकाकडून काहीच घेत नाहीत, कारण त्यांचा मोबदला बँकेकडून येतो. दोन्हीकडून पैसे घेणे मुळातच गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या फाइलवर त्यांनी खरोखर कष्ट घेतले. परंतु ग्राहकाला ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही सरळ विचारल्यावर त्यांनी पेआउट मिळत असल्याचे मान्य केले आणि फी २०,००० रुपयांवर आणली. न विचारणाऱ्याने पूर्ण रक्कम भरली असती.

पेआउटची चौकशी का करायची, याचे कारण फीपेक्षा मोठे आहे. पेआउट प्रत्येक कर्जसंस्थेचा वेगळा असतो आणि ज्या संस्थेचा तो जास्त, तिच्याकडे ग्राहकाला वळवण्याचा मोह एजंटाला होऊ शकतो. आमच्यापुढे त्यांनी प्रथम एका गृहवित्त कंपनीचा प्रस्ताव ठेवला, त्याचा व्याजदर सरकारी बँकेपेक्षा पाव टक्क्याने अधिक होता. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ६० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी पावणेनऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ९५० रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जास्त जातात. त्यापुढे एजंटाच्या फीतील पाच-दहा हजारांची घासाघीस काहीच नाही. त्या प्रस्तावात कर्जविम्याचा एकरकमी हप्ताही कर्जातच मिळवलेला होता आणि ‘हा सगळ्यांनाच घ्यावा लागतो’ असे सांगण्यात आले. तसे बंधन नाही. विमा घेणे शहाणपणाचे असू शकते, पण तो याच कंपनीकडून, याच वेळी आणि व्याज भरून घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. आम्ही सरकारी बँकेचाच आग्रह धरला आणि त्यानंतर मात्र त्यांनी तेथील काम तितक्याच तत्परतेने केले.

त्यांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकातील एक ओळ मुद्दाम सांगण्याजोगी आहे : ‘स्टॅम्प ड्यूटी, एनओआय व इतर – २७,०००’. महाराष्ट्रात मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवून घेतलेल्या अशा कर्जावर ०.३ टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे आमच्या बाबतीत १८,००० रुपये. एनओआय म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन (दस्त बँकेकडे ठेवून कर्ज घेतल्याची दुय्यम निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना) दाखल करण्याचे १,००० आणि दस्त हाताळणीचे ३०० रुपये. बेरीज १९,३०० होते. उरलेले ७,७०० रुपये ‘इतर’ या एका शब्दात बसवले होते. आमच्या नावाचे चलन आणि पावत्या मिळतील तेवढेच पैसे देऊ, असे लेखी कळवल्यावर ती ओळ १९,३०० वर आली. हिशेब मागणाऱ्यालाच खरा आकडा मिळावा, ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे.

बँकेच्या बाजूने आता बरीच स्पष्टता आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे वैयक्तिक मुदत कर्ज (गृहकर्जही त्यात येते) घेणाऱ्या प्रत्येकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र, द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवावा लागतो आणि त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. बँकेने वकील किंवा मूल्यांकनकारासाठी वसूल केलेली रक्कमही त्यात येते. पण एजंटाला आपण परस्पर दिलेली फी त्यात दिसत नाही. दोन प्रस्तावांची तुलना करताना ती रक्कम स्वतःच मिळवून पाहावी लागते. आमच्या सल्लागाराने हे विवरणपत्र पीडीएफ म्हणून पाठवून दिले, समजावून मात्र सांगितले नाही. फी घेणाऱ्याकडून एवढी अपेक्षा नक्कीच आहे.

नोकरदार खरेदीदार बँकेने आधीच मंजूर केलेल्या नव्या प्रकल्पात घर घेत असेल, तर त्याने या कार्यालयाला फी देण्याचे कारण मला दिसत नाही. शाखेत थेट जावे, बँकेची प्रोसेसिंग फीही पुष्कळदा सवलतीत मिळते. जुना फ्लॅट, तुटलेली कागदपत्रांची साखळी किंवा व्यवसायातील अनियमित उत्पन्न असेल, तर मात्र यांची मदत पैसे मोजून घेण्यासारखी आहे. तेव्हा फी किती, ती केव्हा द्यायची, बँकेकडून पेआउट मिळणार का आणि कर्ज नामंजूर झाल्यास काय परत मिळेल, ही चारही उत्तरे ईमेलवर घ्यावीत. आम्हाला मिळालेल्या ईमेलप्रमाणे निम्मी फी मंजुरीपत्रानंतर आणि उरलेली विक्रेत्याच्या हाती बँकेचा धनादेश पडल्यावर द्यायची होती. ही अट त्यांनी अक्षरशः पाळली आणि जीएसटी क्रमांकासह पावतीही दिली.