शैक्षणिक नेतृत्व व शालेय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी: एक शालेय वर्ष वापरल्यानंतर

दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पूर्ण करून एक अख्खं शालेय वर्ष उलटलं. वेळापत्रक, घटक चाचण्या, पालकसभा, अंदाजपत्रक, वार्षिक निकाल असा पूर्ण फेरा झाल्यावर कोणता पेपर कामाला आला आणि कोणता कपाटात राहिला, हे आता सांगता येतं. मत आधीच देऊन टाकतो: गुण मिळतात ते नेतृत्वाच्या पेपरांत, रोज कामाला येतं ते व्यवस्थापन. या दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे वर्गात जाऊन पाठ पाहणं, आणि अभ्यासक्रमात नेमकी तिलाच सगळ्यात कमी जागा असते.

पहिलं सत्र सिद्धांतांचं. परिवर्तनकारी, म्हणजे माणसांना प्रेरणा देऊन बदलणाऱ्या नेतृत्वाची जेम्स बर्न्स यांची १९७८ची मांडणी, बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये केलेला तिचा विस्तार, पुढे अध्यापनकेंद्री नेतृत्व, मग वाटून घेतलेलं नेतृत्व. ‘फरक स्पष्ट करा’ छापाच्या प्रश्नांना हे सगळं लागतं. मुख्याध्यापकाच्या टेबलावर मात्र यातलं फार थोडं पोहोचतं. जे पोहोचतं त्यात पहिला क्रमांक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या विश्लेषणाचा. जुने अभ्यास एकत्र करून त्यांनी विद्यार्थ्यांच्या निकालावरचा परिणाम मोजला (आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त). प्रेरणा देणाऱ्या, भारून टाकणाऱ्या नेतृत्वाचा सरासरी परिणाम ०.११ आला, अध्यापनाशी थेट जोडलेल्या नेतृत्वाचा ०.४२. सर्वांत मोठा आकडा, ०.८४, शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होण्याचा. हा शेवटचा आकडा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे, त्यामुळे तो भिंतीवर टांगू नये. पण दिशा स्पष्ट आहे. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून कार्यालयात निघून जाणारा मुख्याध्यापक आणि वही घेऊन शिक्षकांसोबत बाकावर बसणारा मुख्याध्यापक यांत फरक पडतो.

याच पेपरात मुख्याध्यापकाचं अध्यापनकेंद्री नेतृत्व मोजणारी फिलिप हॅलिंजर यांची प्रश्नावली भेटते: ५० विधानं, मुख्याध्यापकाची १० कार्यं, प्रत्येक विधानाला पाच पर्याय. अभ्यासक्रमात ती पाठ करायला लावतात, खरं तर ती वापरायची वस्तू आहे. मुख्याध्यापकाने स्वतः भरायची, शिक्षकांनी नाव न घालता भरायची आणि दोन्हींतली तफावत कार्यवार मांडायची. स्वतःला दिलेले गुण बहुतेक वेळा जास्तच निघतात, त्यात नवल नाही. मोठी तफावत कुठे आहे, तेवढंच बघायचं. शिक्षक सात-आठच असतील तर हा उद्योग करू नये. अक्षरावरून आणि उत्तरांच्या धाटणीवरून माणूस ओळखू येतो, आणि मग सगळेच गोड लिहितात.

बदलाच्या व्यवस्थापनात जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या घोकून घेतात. त्याहून उपयोगी निघाला जीन हॉल आणि सहकाऱ्यांचा ‘काळजीचे टप्पे’ हा तक्ता, जो बऱ्याच ठिकाणी अर्ध्या पानात उरकतात. नवीन गोष्ट आली की माणसाची काळजी आधी स्वतःबद्दल असते, मग ते काम जमवायचं कसं याबद्दल, आणि मुलांवर काय परिणाम होईल हा विचार त्यानंतर येतो. हजेरी मोबाइलवर घ्यायचं ठरलं की शिक्षक विचारतो, ‘पहिल्या तासिकेची किती मिनिटं जाणार? नेट बंद असलं तर गैरहजेरी माझ्या नावावर का?’ आणि वरून उत्तर येतं, ‘मुलांच्या हिताचं आहे.’ प्रश्न एका टप्प्यावरचा, उत्तर दुसऱ्याच. सभेत उठणारे प्रश्न कोणत्या टप्प्यावरचे आहेत एवढं कागदावर टिपलं, तरी निम्म्या सभा लवकर संपतात.

आता पाठनिरीक्षण. पद्धत जुनीच आहे. मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी ती मांडली तेव्हापासून तिचा गाभा तोच: आधी बोलणं, मग पाठ पाहणं, मग टिपणांचा अर्थ लावणं, मग पुन्हा बोलणं. आधीचं बोलणं दहा मिनिटांचं पुरतं, पण त्यात एकच प्रश्न ठरला पाहिजे: आज नेमकं काय पाहायचं? हे शिक्षकानेच सांगायचं. कागदावर तीन रकाने पुरतात: वेळ, शिक्षक काय म्हणाले, मुलांनी काय केलं. शिक्षकाचा प्रश्न शब्दशः लिहायचा. ‘प्रश्नोत्तर तंत्र चांगले’ हे निरीक्षण नव्हे, तो शेरा झाला. बाकांचा नकाशा काढून ज्याने उत्तर दिलं त्याच्या जागी एक रेघ मारत जायची. वीस मिनिटांत रेघांचे गठ्ठे पुढच्या दोन रांगांत आणि मधल्या पट्ट्यात जमलेले दिसले, की शिक्षकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. दुसरी मोजण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. मेरी बड रो यांच्या संशोधनात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि हा काळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबत होती, न बोलणारी मुलंही बोलू लागत होती. घड्याळ लावून हे कुणालाही बघता येतं.

बिघडतं कुठे, तर तीन ठिकाणी. पहिलं, ३० रकान्यांच्या बरोबर-चूकच्या फॉर्ममध्ये. डोकं खाली घालून खुणा करण्यातच तासिका संपते आणि वर्ग पाहायचा राहून जातो. दुसरं, मदतीसाठीचं निरीक्षण आणि गोपनीय अहवालासाठीचं निरीक्षण एकाच कागदावर केल्यामुळे. त्या दिवशी शिक्षक ठेवणीतला पाठ काढतो आणि आपण नाटक पाहून येतो. तिसरं, बोलणं पुढच्या आठवड्यावर ढकलणं आणि मग एकदम आठ सूचना देणं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एकच बदल, आणि तो पाहायला पुन्हा कधी येणार ती तारीख, एवढंच झेपतं. हे कौशल्य वाचून येत नाही. एकच पाठ दोघांनी पाहून टिपणं शेजारी ठेवली की आपण किती गाळतो ते कळतं. चांगल्या अभ्यासक्रमात असा जोडीचा सराव असतो. नसेल तर सहाध्यायी गाठून स्वतः करावा.

वेळापत्रकाला बहुतेक ठिकाणी एखादं व्याख्यान मिळतं, खरं तर अख्खा पेपर द्यावा असा विषय आहे. सॉफ्टवेअर असलं तरी आधीचं गणित हातानेच करायला हवं. समजा २४ तुकड्या आहेत आणि आठवड्याला ४० तासिका. एकूण ९६० तासिका. एका शिक्षकाला २८ धरल्या तर ३४.३, म्हणजे ३५ शिक्षक. कागदावर जमलं. पण विज्ञानाला दर तुकडीमागे ६ तासिका असतील तर १४४ होतात. पाच शिक्षक १४० घेतात, चार तासिका उरतात आणि त्या नेहमी गणिताच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात. म्हणून बेरीज विषयवार करायची, एकूण आकडा फसवा असतो. पुढे प्रयोगशाळा: प्रत्येक तुकडीला आठवड्यात एक जोडतासिका (सलग दोन तासिका) म्हणजे ४८ तासिका, आणि एकाच प्रयोगशाळेकडे आहेत ४०. हे वेळापत्रक कोणतंही सॉफ्टवेअर लावू शकणार नाही. इथे निर्णय घ्यावा लागतो, की खालच्या वर्गांचे प्रयोग पंधरवड्यातून एकदा घ्यायचे.

मांडायचा क्रमही ठरलेला आहे. आधी अर्धवेळ शिक्षक, मग जोडतासिका, मग मैदान आणि संगणक कक्ष अशा सामाईक जागा, आणि सुट्या तासिका सर्वांत शेवटी. उलटं केलं की गुरुवारी सहाव्या तासिकेला सगळं अडतं. बदली तासिकांबद्दलही एक साधी गोष्ट कुणी शिकवत नाही. वरच्या उदाहरणात कोणत्याही तासिकेला २४ शिक्षक वर्गात असतात, म्हणजे ११ मोकळे असतातच, वेळापत्रक कसंही लावा. तिघे रजेवर गेले तरी माणसं पुरतात. ‘आज कुणी मोकळंच नाही’ या तक्रारीचा अर्थ एवढाच, की ते अकरा जण परीक्षा विभाग, स्नेहसंमेलन, पत्रव्यवहार यांत गुंतवलेले आहेत, किंवा बदली तासिका दरवेळी त्याच चौघांना जातात. कुणाला महिन्यात किती बदली तासिका गेल्या याची नोंद स्टाफरूममध्ये लावली की दुसरा प्रकार आपोआप थांबतो.

आकडेवारीच्या पेपराला मुलं घाबरतात (शिक्षक असलेली मुलंही), पण सत्रात शिकलेलं सगळ्यात जास्त तिथलंच वापरलं जातं. २० जणांचा वर्ग, सरासरी ६०. पुढच्या चाचणीला २० गुणांची दोन मुलं गैरहजर राहिली आणि बाकीच्यांच्या गुणांत काडीचा फरक पडला नाही, तरी सरासरी ६४च्या वर जाते. हजर संख्या न लिहिता सरासरी सांगणारा तक्ता परत पाठवावा. दुसरा सापळा उपचारात्मक वर्गांचा. एका चाचणीत तळाला असलेली आठ मुलं निवडली तर पुढच्या चाचणीत त्यांतली काही वर येतातच, कारण त्यांचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. श्रेय मात्र जादा वर्गाला मिळतं. निवड दोन चाचण्यांच्या सरासरीवरून करावी आणि फरक तिसरीवर मोजावा. शिवाय डोनाल्ड कॅम्पबेल यांचा इशारा आहेच: एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय टांगले की तो आकडा बिघडवण्याचा मोह होतो. उत्तीर्णांची टक्केवारी हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

वित्ताच्या पेपरातून एकच कागद घ्यावा: बारा महिन्यांचा जमाखर्च, महिनावार. वर्षाची बेरीज जुळते पण पगार दरमहा द्यावे लागतात आणि जमा येते ती एक-दोन हप्त्यांत, मग मधले महिने कोरडे जातात. देणगीतून आलेल्या संगणकांपुढे दुरुस्ती आणि बदलीचा खर्च त्याच दिवशी लिहून ठेवायचा. कायद्याच्या पेपरात कलमं बदलत राहतात, कार्यपद्धती टिकते: लेखी सूचना, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह निर्णय, आणि इतिवृत्तावर त्याच आठवड्यात सह्या.

आंतरवासिता हा सगळ्यात वाया जाणारा भाग. शाळेत पाठवतात आणि तिथे हार-गुच्छ, सूत्रसंचालन, झेरॉक्स अशी कामं मिळतात. जाण्याआधीच तीन-चार कामं मुख्याध्यापकांशी लेखी ठरवून घ्यावीत: एका विभागाचं वेळापत्रक, दोन शिक्षकांसोबत पाठनिरीक्षणाचा पूर्ण फेरा, एक सभा कार्यक्रमपत्रिकेपासून इतिवृत्तापर्यंत, एका बाबीचं अंदाजपत्रक.

कृतिसंशोधनाचा विषय जितका अरुंद तितकं बरं. ‘नेतृत्वाचा गुणवत्तेवर परिणाम’ हा विषय चार महिन्यांत कुणाच्याही हाती लागत नाही. ‘सातवीच्या दोन तुकड्यांत उशिरा येणाऱ्यांची संख्या पहिली तासिका बदलल्याने कमी होते का’ हा लागतो. हाताखालच्या शिक्षकांना स्वतः प्रश्नावली वाटू नये. दुसऱ्याकडून वाटून बंद पेटीत गोळा करावी. परवानग्या पहिल्याच महिन्यात मागाव्यात. उशीर सगळ्यात जास्त तिथेच होतो, लिखाणात नव्हे.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी आठवड्याचे दहा तास धरावेत, परीक्षांच्या हंगामात ते निघत नाहीत हेही धरावं. वर्गावर तीन-चार वर्षं काढली नसतील तर थांबलेलं बरं, कारण निम्म्या स्वाध्यायांना लागणारी सामग्री स्वतःच्या शाळेतूनच येते. संस्थाचालकांचे आपसातले वाद आणि दारात आलेला चिडलेला पालक यांवर इथे काही मिळणार नाही, मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमपत्रिकेतल्या पेपरांच्या नावांवर जाऊ नका, ती सगळीकडे सारखीच असतात. प्रत्यक्ष पाठनिरीक्षणाचे तास किती आणि ते कोण तपासतं, शिकवणाऱ्यांपैकी कितींनी शाळा चालवली आहे, एवढं विचारा. मागच्या दोन वर्षांतल्या प्रबंधांच्या शीर्षकांची यादी मागा. तीत ‘नेतृत्वशैली आणि कार्यसमाधान यांचा सहसंबंध’ हेच शीर्षक गाव बदलून पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुसरं विद्यापीठ बघा.