बंदीत काढलेला टॅटू, वर्षभर खाऱ्या पाण्यात: बोट टिकली, नाव बुजलं

आधी भांडणाचं सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलोय. फ्री टचअप, म्हणजे नंतर फुकटात रेघा परत भरून देऊ, असं जे सांगतात त्याच्या भरवशावर बारीक अक्षरं काढून घेऊ नका. गेल्या जूनमध्ये, पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत, घाटावरच्या एका स्टुडिओत उजव्या हाताच्या आतल्या बाजूला आमची बोट काढून घेतली, इंचाला 700 रुपये भाव, वर्षाच्या आत एक टचअप फुकट असं कबूल केलेलं आणि माझ्यासमोर वहीत लिहिलेलं पण. आता देवगडवरून एसटीने गेलो, कामाचा एक दिवस मोडला, आणि तिथे ऐकायला काय मिळालं तर अक्षरं पसरली ती तुमच्या स्किनमुळे, हे टचअपमध्ये बसत नाही, मिनिमम चार्ज 1500 लागेल. काढताना पण हीच स्किन होती ना? हात बघूनच भाव सांगितला होता ना? वही दाखवा म्हटलं तर जुनी वही संपली म्हणे.

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'लक्ष्मी' असं नाव आहे, खऱ्या बोटीवर आहे तसंच. मी तेव्हाच म्हणत होतो की अक्षरं मोठी घ्या, आर्टिस्टचं म्हणणं प्रपोर्शन बिघडेल, आणि काही झालंच तर टचअप आहेच. एकेक अक्षर गव्हाच्या दाण्याएवढं. पहिल्या आठवड्यातले फोटो बघितले तर अजूनही छान वाटतं, ल चे दोन्ही गोल वेगळे, वेलांटी सुटी. पण दिवाळीपर्यंत क्ष ची गाठ बुजली, मग म चं पोट भरलं, आणि आता हातभर अंतरावरून बघितलं तर शिरोरेखेखाली नुसता काळा गोळा दिसतो. बाकी टॅटू कितीही चांगला असू दे, माझी नजर पहिली तिथेच जाते. आणि बघणारा पण पहिलं तेच विचारतो, काय लिहिलंय रे?

शाई वरच्या कातडीत नसते, खालच्या थरात असते, साधारण एक-दोन मिलिमीटर खाली. वरची कातडी झडत राहते म्हणून तिथे घातलेलं काही टिकलं नसतं. खालच्या थरात शरीराच्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, त्या मेल्या की दुसऱ्या धरतात, असं चालू राहतं, आणि वर्षं जातात तशी रेघ थोडी थोडी रुंद होते. ती सगळ्यांचीच होते. पण एवढ्या लवकर एवढी बुजली म्हणजे एकतर अक्षरं फारच बारीक घेतली, नाहीतर सुई जास्त खोल गेली, त्याला ब्लोआउट म्हणतात, आणि काहीही असलं तरी दोष काढणाऱ्याचाच, गिऱ्हाईकाच्या कातडीचा नाही. बोटीच्या बाकीच्या रेघा त्याच कातडीवर जागच्या जागी आहेत की!

आमच्या आज्येच्या हातावर लग्नाआधी गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे. आता हिरवट-निळा डाग राहिलाय, माहीत असलं तरच वृंदावन ओळखू येतं. मी डिझाईन मोबाईलवर दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बारीक काडू नको रे, मागसून भरान जाता." सत्तर वर्षांचा अनुभव आहे तो, आणि मशीन नवं आलं म्हणून कातडी बदललेली नाही. कुणाला टॅटू निवडायचा असेल तर इन्स्टाग्रामवर स्क्रोल करत बसण्यापेक्षा घरातल्या म्हातारीचं गोंदण नीट बघा, तुमच्याच घरातल्या कातडीवर, आपल्याच उन्हात रेघेचं काय होतं ते समोर दिसतं.

मराठीत काही लिहून घेणार असाल तर हे जास्तच लागू आहे. इंग्रजी एल किंवा टी ला भरायला पोटच नाही, आपल्या अक्षरांत गाठी, गोल, जोडाक्षरं, वर मात्रा-अनुस्वार. बंदरावर येणाऱ्या पोरांच्या हातावर राजमुद्रा खूप बघतो, अष्टकोनात सगळा मजकूर, आणि मनगटाच्या वर दोन इंचात. त्यात 'प्रतिपच्चंद्रलेखेव' मधला च्चं आणि 'शिवस्यैषा' वरच्या दोन मात्रा काही वर्षांत कुठे राहणार? महाराजांची मुद्रा आहे, ती वाचता आली पाहिजे. छातीवर किंवा दंडावर मोठी घ्या, आणि मजकूर आधी कागदावर लिहून संस्कृत येणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एवढी जागा द्यायची नसेल तर मुद्रा काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चांगलं सांगतो. बोटीची बाहेरची रेघ त्याने जाड घेतली होती आणि तेव्हा मला ती आवडली नव्हती, घरी येऊन भावाला बोललो पण होतो की जरा राकट झालंय. ते मत आता पार बदललं. ऑगस्टपासून मेपर्यंत जाळी ओढली, बर्फाच्या पेट्या उचलल्या, खारं पाणी आणि ऊन तर रोजचंच, पण ती रेघ काळीभोर आहे, आणि दोन फळ्यांच्या मध्ये सोडलेली मोकळी जागा अजून मोकळी आहे. झेंड्याचा भगवा मात्र विटला, नीट बघितल्याशिवाय रंग आहे हे कळत नाही. आमच्यासारख्या सावळ्या हातावर आणि अशा उन्हात काळाच खरा, पिवळा-पांढरा कुणी सुचवला तरी पैसे घालू नका. हाताची आतली बाजू निवडली ते पण बरं झालं, ऊन कमी लागतं. शिवाय सैन्यभरतीत कायमचा टॅटू कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीमागेच चालतो, म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या चुलतभावाला दंडावर काढण्यापासून आम्ही अडवलं, त्याने पण आतल्या बाजूलाच काढला.

वेळेबद्दल तर मी ठामच आहे, दर्यावर जाणाऱ्याने बंदीतच काढावा. 1 जून ते 31 जुलै बोट किनाऱ्यावर, जखम भरायला आयतीच सवड मिळते. खपल्या पडून वरून भरायला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर समुद्राचं पाणी लागता कामा नये. 2017 साली बीएमजे केस रिपोर्ट्स या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये एक केस आली होती, टॅटू काढून पाच दिवसांनी एक माणूस मेक्सिकोच्या आखातात पोहला, गरम खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जंतू जखमेतून गेले आणि तो वाचला नाही. त्याला यकृताचा आजार आधीपासून होता, पण तरी.

वरून लावतात ती पारदर्शक फिल्म, सेकंड स्किन, ती मला तेव्हा भंगार वाटली होती. जूनच्या दमट हवेत खाली घाम आणि पाणी साठून पिशवी झाली, दुसऱ्या दिवशी काढून टाकली आणि साध्या बिनवासाच्या साबणाने धूत राहिलो. पण चुलतभावाने जानेवारीत काढला तेव्हा तीच फिल्म पाच दिवस मस्त बसली. तेव्हा फिल्मला नावं ठेवत नाही, पावसाळ्यात मात्र नको.

एक आपल्याकडचं कुणी सांगत नाही. आंबा काढताना देठाचा चीक उडतो तो टॅटूवर पडू देऊ नका. एप्रिलमध्ये घळीतून, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या जाळीतून, आंबे उतरवताना माझ्या हातावर दोन थेंब पडले, मनगटाजवळ, टॅटूतल्या दोरीच्या रेघेपासून बोटभर लांब. कातडी भाजून काळी पडली, सोलली, डाग अजून आहे. हंगामात मी पूर्ण बाहीचा शर्ट घालतो.

आता त्या अक्षरांचं काय करायचं. टचअप म्हणजे शाई वाढवणं, पसरलेली रेघ त्याने बारीक होत नाही, बुजलेली गाठ सुटत नाही. म्हणजे 1500 घेऊन तो करणार काय होता? म्हणे मध्ये पांढरी शाई भरू. पांढरी उन्हात पिवळट होते, आणि काळ्यावर बसत पण नाही. लेझरने शाई फोडता येते पण त्याच्या बऱ्याच सिटिंग लागतात आणि खर्च अख्ख्या टॅटूच्या वर जातो, तीन अक्षरांसाठी मी तो करणार नाही.

कणकवलीतल्या दुसऱ्या एका मुलाला हात दाखवून आलो, त्याने आधी अंगठ्याने कातडी ताणून बघितली आणि मगच बोलला. नाळेपासून काठाखालून सरळ भरीव काळा पट्टा घ्यायचा, नाव त्याच्याखाली जाईल, आणि पट्टा तर खऱ्या बोटीला पण असतोच. पैसे किती ते आधी सांगितले, 1200. बंदी लागली की जातोय. नाव डाव्या हातावर वेगळं घेणार, एकेक अक्षर इंचभर, आणि स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवतात तो छाप, लावल्यावर हात खाली सोडून, वळवून बघणार, क्ष ची गाठ मोकळी दिसली तरच सुई लावायला सांगणार.