ओल्या मिठावर काळा थर

गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा ती जाहिरात आली. धंद्याचं नाव नवीन, नंबर नवीन, पण फोटो तेच. चकचकीत काळी गाडी, बाजूला बर्फाचा ढीग आणि वर मराठीत लिहिलेलं: 'हिवाळ्यात गाडीची काळजी आमच्यावर सोडा, घरी येऊन करून देतो.' खाली तिघांनी 'रेट काय?' असं विचारलंही होतं. त्यातली एक मुलगी मागच्याच वर्षी इथे आली आहे आणि तिने नुकतीच पहिली गाडी घेतली आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची रत्नागिरीची, आता कॅनडात मिसिसागाला राहते. गोदामात पहाटेची पाळी असते, बस त्या वेळेला सोयीची नाही, त्यामुळे गाडी नसेल तर माझी नोकरीच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पैसे साठवून २०१५ ची एक वापरलेली गाडी घेतली. पहिला हिवाळा आला आणि डिसेंबर संपेपर्यंत ती निळी गाडी राखाडी दिसायला लागली. दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या मागे, सगळीकडे मिठाचे पांढरे ओघळ.

भारतातून आलेल्यांना हे मिठाचं प्रकरण लवकर लक्षात येत नाही, मलाही आलं नव्हतं. इथे बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर खारं पाणी मारतात, कोरड्या डांबरावर त्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात. बर्फ पडला की वर जाडं मीठ पसरतात. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे क्षार हवेतली ओल स्वतःकडे ओढून धरतात. त्यामुळे गाडीची खालची बाजू वरून कोरडी वाटली तरी सांध्यांत आणि खाचांत ओलसरच राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपतं.

गंजाची भीती मला लहानपणापासूनची आहे. बाबांकडे जुनी व्हॅन होती, आणि समुद्राच्या वाऱ्याने पत्रा कसा खाल्ला जातो ते मी घरीच पाहिलंय. बाबा दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी तिला खालून काळं कोटिंग करून घ्यायचे. त्यामुळे तेच फोटो असलेल्या जाहिरातीवर मी फोन केला आणि तो माणूस 'ताई, खालून अंडरकोटिंग केल्याशिवाय इथे गाडी टिकत नाही' असं म्हणाला, तेव्हा मला ते अगदी ओळखीचं वाटलं. बोलणं शुद्ध मराठी, घाटावरचं. आई इथे आली आहे हे कळल्यावर 'काकूंना थंडी सोसते का' अशी चौकशीही केली. परक्या देशात एवढ्याने माणूस विरघळतो.

त्याने एकत्र दर सांगितला: आतून-बाहेरून पूर्ण सफाई, सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) आणि अंडरकोटिंग मिळून ६५० डॉलर, वर पाच वर्षांची गॅरंटी. बिल नको असेल तर १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, वाचेल, फक्त पैसे आधी ई-ट्रान्सफर करा, कारण सामान आणायचं आहे. मी पाठवले. बिल नाही, करार नाही, फोनवर आलेला एक निरोप तेवढा.

जानेवारी २०२३. त्या सकाळी उणे ११ होतं. व्हॅन आली, पाण्याची टाकी, प्रेशर वॉशर आणि दोन पोरं. आमच्या ड्राइव्हवेवरच त्यांनी काम सुरू केलं. एकच बादली, त्यातच हातमोज्यासारखं फडकं बुडवून मिठाने माखलेलं बॉनेट घासत होते. पुसायचे टॉवेल हातातच कडक होत होते. मग बाटलीतून काहीतरी फवारून वरवर पुसलं. तेच सिरॅमिक कोटिंग. शेवटी गाडी एका बाजूने जॅकवर थोडी उचलली, एक पोरगा आडवा झाला आणि डब्यातून काळा फवारा मारला. मग दुसरी बाजू. खालची बाजू धुऊन झाल्यावर हे सगळं अर्ध्या तासात आटोपलं. तीन तासांत व्हॅन गेलीसुद्धा.

गाडी सुंदर दिसत होती, हे खोटं सांगणार नाही. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते एवढंच म्हणाले, 'एवढ्या लवकर वाळलं?' मी तो प्रश्न तसाच सोडून दिला. त्या एका प्रश्नात सगळं होतं.

धुतलेलं पाणी ड्राइव्हवेवर गोठून काचेसारखा बर्फ झाला. संध्याकाळी आई कचऱ्याचा डबा ठेवायला गेली आणि घसरली. कठड्याला हात लागला म्हणून वाचली, नाहीतर सत्तरीच्या बाईचं हाड मोडायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गाडीचं दार उघडेना. दाराच्या रबरात शिरलेलं पाणी त्यांनी पुसलंच नव्हतं, ते रात्रीत गोठलं. कामाला उशीर होत होता म्हणून मी जोर लावला आणि दारासोबत रबराची पट्टी फाटून आली. कुलूप आणि पेट्रोलचं झाकणसुद्धा गोठलेलं. फोन केला तर म्हणाला, 'ताई, थंडीत होतंच असं, गरम पाणी ओता.' कृपा करून हा सल्ला कुणी ऐकू नका. अशा थंडीत गरम पाण्याने काच तडकू शकते, आणि तेच पाणी परत गोठतं.

मार्चमध्ये ऊन पडलं तेव्हा बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले. मिठाचे आणि वाळूचे कण रंगावर घासले की हेच होतं. सिरॅमिकचा मागमूस नव्हता. खऱ्या सिरॅमिक कोटिंगवर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात, माझ्या गाडीवर पाणी सपाट पसरत होतं. नंतर दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही सांगितलं की कोटिंगच्या आधी रंग नीट धुऊन, चिकणमातीसारख्या क्ले बारने त्यातले रुतलेले कण काढावे लागतात, अल्कोहोलने पुसून घ्यावं लागतं. मग साधारण १० ते २५ अंशांच्या बंद जागेत कोटिंग लावायचं आणि निदान एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. उणे ११ ला उघड्यावर जे फवारलं ते साधं मेण असावं, असं त्यांचं म्हणणं.

पण रंगाचं दुःख मी विसरले असते. मे महिन्यात हिवाळी टायर काढायला गेले तेव्हा गाडी लिफ्टवर चढवली आणि मेकॅनिकने मला आत बोलावलं. पंजाबी, पन्नाशीचे गृहस्थ, हिंदीत म्हणाले, 'ये किसने किया?' त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या काळ्या थराच्या कडेला घातलं आणि हाताएवढा पापुद्रा अलगद सुटून आला. ओल्या भिंतीचा रंग सुटावा तसा. आतल्या बाजूला तपकिरी ओला चुरा, त्यात मिठाचे पांढरे खडे. जानेवारीतलं मीठ, मे महिन्यात, तसंच. बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून जो थर मारायचा, त्याने आतली ओल आणि मीठ पत्र्यालाच चिकटवून ठेवलं होतं. उघड्या पत्र्यावरून निदान पावसाने काही मीठ धुऊन गेलं असतं.

मग त्यांनी दारांच्या खालची पट्टी दाखवली. तिथे पाणी निचरायला बारीक भोकं असतात. काळ्या फवाऱ्याने ती सगळी बुजली होती. एक भोक टोकरून मोकळं केलं तर त्यातून घाण पाणी धारेने आलं. आणि ब्रेकची नळी. तिच्यावरही थर मारलेला, खाली फुगून आलेला गंज. मेकॅनिक म्हणाले, 'ऊपर से देखते तो पता नहीं चलता. इसलिए मारते हैं.' गंज काही त्या चार महिन्यांतच सुरू झाला असं नाही, आठ हिवाळे काढलेली गाडी होती. पण काळ्या रंगाखाली तो दिसेनासा झाला, आणि मी पाच वर्षांच्या गॅरंटीच्या भरवशावर निर्धास्त होते. ती नळी महामार्गावर फुटली असती तर? मी रोज पहाटे ४०१ नंबरच्या महामार्गावरून जाते. नळ्या बदलायला, थर खरवडायला आणि भोकं मोकळी करायला ७८० डॉलर गेले.

त्या लिफ्टखाली उभी असताना मला आठवलं, बाबा ते काम नेहमी मे महिन्यात करायचे. रत्नागिरीच्या कडकडीत उन्हात, गाडी धुऊन दोन दिवस वाळवून, जुना गंज तारेच्या ब्रशने काढून, मग कोटिंग. पाऊस पडायला लागल्यावर ते कधीच करत नसत. मला हे माहीत होतं. इथे येऊन ते जोडून बघायचं सुचलं नाही.

मी त्याला पापुद्र्याचे फोटो पाठवले. दोन दिवस 'बघतो ताई', मग एकच टिक. ब्लॉक. बँकेत गेले. ई-ट्रान्सफर तुम्ही स्वतः केली, समोरच्याने जमा करून घेतली, आता परत येत नाही, असं उत्तर मिळालं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालायला जागा होती. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माझ्या बाजूची गोष्ट होती: खोटी माहिती देऊन केलेला करार एका वर्षाच्या आत रद्द करता येतो. मी रीतसर पत्र लिहिलं. त्याने दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणीच नव्हतं, पत्र परत आलं. ज्या १३ टक्क्यांसाठी मी बिल सोडलं, त्याच बिलावर धंद्याचं खरं नाव आणि कराचा नंबर लिहिलेला असता.

कुणी हिवाळ्यात असं काम करतो म्हटलं तर आधी विचारा की गाडी कुठे ठेवणार. गरम बंद जागा नसेल तर तिथेच थांबा. धुतल्यावर किती तास वाळवणार ते विचारा, रात्रभर ठेवणार नाही म्हणाला तर काळा थर मारू देऊ नका. फवारायच्या आधीचे खालच्या बाजूचे फोटो मागा, निचऱ्याच्या भोकांवर चिकटपट्टी लावणार का विचारा, डब्यावरचं नाव वाचून त्याला किमान किती तापमान लागतं ते स्वतः बघा. मी आता कडक होणारा थर लावतच नाही. शरद ऋतूत, मीठ पडायच्या आधी, दुकानात जाऊन तेलाचा फवारा मारून घेते. तो सांध्यांत झिरपतो, थोडा ठिबकतो, आणि दरवर्षी करावा लागतो. मला सुमारे दीडशे डॉलर पडतात.

हिवाळ्यात गाडी धुवायची ती पारा शून्याच्या वर गेला त्या दिवशी, दुपारी, खालून पाणी मारणाऱ्या स्वयंचलित वॉशमध्ये. बाहेर आल्यावर चारही दारं उघडून रबरं कोरड्या फडक्याने पुसायची, त्यावर सिलिकॉनच्या वंगणाचा हात फिरवायचा, कुलूप दोन-चार वेळा उघडझाप करायचं, मग घरी. माझी दहा मिनिटं जातात त्यात.

ग्रुपवरच्या त्या मुलीला मी फोन केला. ती म्हणाली, 'पण ताई, तो किती आपुलकीने बोलतो.' हो, बोलतो. लिफ्टवर सुटलेला तो पापुद्रा मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, आतल्या बाजूला मीठ अजून दिसतं. रविवारी ती घरी येणार आहे, तिला दाखवेन. मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्ये आणखी कुणाला बघायचा असेल तर सांगा, मी घेऊन येते.