कोड ड्रिफ्टर: जानेवारीत मालवणसमोर वापरले, त्याचा अनुभव

किनाऱ्यालगत वरच्या पाण्याचा प्रवाह कुठे जातोय हे बघायला आम्ही जानेवारीत मालवणसमोर चार कोड ड्रिफ्टर (पाण्याबरोबर वाहत जात आपली जागा कळवणारी तरंगती उपकरणं) सोडले, कोणी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. डिझाइन जुनंय, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या रस डेव्हिसनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या 'कोस्टल ओशन डायनॅमिक्स एक्सपेरिमेंट' (CODE, म्हणून 'कोड') या प्रयोगासाठी केलेलं. मधे नळा, चार बाजूंना कापडाची शिडं, वर छोटे फ्लोट आणि डोक्यावर जीपीएस-सॅटेलाइटचा अँटेना. शिडं पाण्याखाली पहिल्या एक मीटरमधे असतात आणि वाऱ्याला धरायला वर जवळजवळ काही उरतच नाही, सगळी कमाल तिथेच आहे.

सोडताना आमची होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी प्यायलेलं शहाळं बाजूलाच पाण्यात टाकलं. वारा वायव्येचा, शहाळं वाऱ्याबरोबर दक्षिणेला निघालं आणि ड्रिफ्टर चक्क उलटा, उत्तरेला! काका म्हणाले, "ह्या दिवसांत पाणी उत्तरेक जाता, म्हायत नाय तुका?" माहीत होतं, हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेला आणि पावसाळ्यात दक्षिणेला हे वाचलेलं, पण भरती-ओहोटीची वेटोळी काढत काढत नकाशावर ड्रिफ्टरचे ठिपके रोज थोडे थोडे वर सरकताना बघून अंगावर काटा आला.

पोझिशन दर ५ मिनिटांनी येते, पण लगेच वेग काढू नका, कारण जीपीएस १० मीटर चुकलं तरी सेकंदाला ३ सेंमीचा खोटा वेग दिसतो. अर्ध्या तासाच्या अंतराने काढा. आणि १५ मीटर खोल ड्रोगवाला (ड्रोग म्हणजे पाण्याला धरून राहणारी, खाली लटकणारी कापडी पिशवी) मोठा ड्रिफ्टर किनाऱ्याजवळ घेऊ नका, उथळ पाण्यात टेकेल.

तक्रार शिवणीची. परत आणल्यावर एकाचं शीड उसवलेलं निघालं, पुरवठादाराने दोन आठवडे फोन उचलला नाही, शेवटी बंदरावर जाळी शिवणाऱ्या मामांनी नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिलं, ते दुसऱ्या फेरीतही जसंच्या तसं राहिलं. शिवाय एक ड्रिफ्टर अचानक सुसाट सरळ रेषेत बंदराकडे निघाला, पाणी असं कधी जात नाही, तेव्हाच कळलं की ट्रॉलरवाल्यांनी उचललाय. त्यांनी नीट परत दिला, पण चूक आमची, वर मराठीत काहीच लिहिलं नव्हतं. आता चारहींवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, "उचलू नका, पाणी मोजतोय".

पावसाळी मासेमारीबंदी उठली की त्याच जागेवरून पुन्हा सोडणार, काकांना आत्ताच सांगून ठेवलंय.